मंगळवारचा शुगर क्लास आणि ग्रेसमावशी

किस्से पोटावरच्या चरबीसारखे असतात. कधी जमले ते कळत नाही, आणि एकदा जमले की हलत नाहीत! माझ्याकडचे बहुतेक अमेरिकेत न्यूअर्कच्या एका क्लिनिकात जमले. ऐंशीच्या दशकात मी तिथे डाएटिशियन होते आणि दर मंगळवारी शुगर क्लास घ्यायचे. यायच्या कोण, तर घानाहून मुलांकडे राहायला आलेल्या साठीच्या बायका. आक्राच्या बाजारात दिवसभर उभ्या राहून धंदा केलेल्या. इथे अपार्टमेंट, लिफ्ट, टीव्ही आणि गोड सोडा! वजन वाढलं, बीपी वाढलं, शुगरचं तर विचारूच नका.

* * *

पहिल्याच क्लासात मी सांगितलं, "भात आपल्या मुठीएवढाच घ्यायचा."

त्यांच्यातल्या ग्रेसमावशींनी स्वतःची मूठ वळून बघितली. (मावशी मीच म्हणायचे, त्या मला सिस्टर म्हणायच्या.)

पुढच्या मंगळवारी त्या मुलाला घेऊन आल्या. साडेसहा फूट उंच, बस ड्रायव्हर! त्याचा हात टेबलावर आपटून म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या घरात ही मूठ धरायची ठरलीय!"

* * *

आमचे डॉक्टर साठे म्हणजे नुसती हाडं. एकदा ते क्लासात येऊन 'वजन आणि हृदय' यावर तासभर बोलले. शेवटी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

ग्रेसमावशींची मैत्रीण कम्फर्ट उठली. आवाजात नुसती माया! "डॉक्टर, घरी बायको जेवायला देते ना?"

दुसऱ्या दिवशी साठ्यांच्या टेबलावर शेंगदाण्याच्या सूपचा डबा हजर. साठे म्हणाले, "छे छे, पेशंटकडून काही घेत नाही मी." दुपारी बघते तर डबा चाटूनपुसून साफ!

* * *

एकदा उत्साहाच्या भरात मी अख्ख्या क्लासला पिस्कॅटवेला घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत. आता पंगतीत आपलं काय होतं ते माहितीये ना? माझं तेच झालं. "अजून एक! असं कसं? माझी शपथ आहे! निदान अर्धी तरी!" वर तुपाची धार.

ग्रेसमावशींनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि आमच्या ह्यांना विचारलं, "मंगळवारी आम्हाला शिकवते ती हिची जुळी बहीण का?"

ह्यांना इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं!

* * *

मग ग्रेसमावशींची शुगर भलतीच चढली. साठे म्हणाले, "आता खाली आली नाही तर इन्शुलिन." मावशी रडायलाच लागल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय शुगरनंच गेला होता.

म्हटलं, "मग वजन उतरवू या की!"

"आणि नाताळात आक्राला घरी कशी जाऊ? बारीक होऊन गेले तर गल्ली म्हणेल, मुलानं अमेरिकेत आईला उपाशी ठेवलं. पोरगा मान वर करू शकणार नाही!"

मी हसणार होते, पण हसूच येईना. त्याच वर्षी सांगलीला गेले होते, तर सासूबाई दारातच ओरडल्या होत्या, "अगं बाई, किती वाळलीस! आमचा मुलगा कमवत नाही की काय?"

"मावशी, आधी पाय वाचवू," मी म्हणाले. "गल्लीचं मग बघू."

बाई जिद्दीची! सोडा बंद केला, कसावा कंदाच्या पिठूळ गोळ्याऐवजी भाज्या आणि बीन्स धरल्या, थंडीत मॉलमध्ये फेऱ्या घातल्या. शुगर उतरली! कपडे अंगावर लोंबायला लागले. रिपोर्ट आला त्या दिवशी सगळा क्लास नाचला. साठेसुद्धा! मी आनंदानं रडले. फक्त मावशींचा चेहरा उतरलेला. तिकीट काढलेलं होतं ना!

* * *

जानेवारीत त्या परत आल्या. चेहरा नुसता खुललेला. मी धावत जाऊन विचारलं, "गल्ली काय म्हणाली?"

"काय म्हणेल? झग्याच्या आत लुगड्यासारखं कापड गुंडाळलं. त्यावर आणखी एक. त्यावर आणखी एक!"

"आक्राच्या उन्हात?"

"मुलाच्या अब्रूचा प्रश्न होता, सिस्टर! सगळ्या जळल्या. म्हणाल्या, ग्रेस, काय तब्येत कमावलीस गं! आणि एवढं अंग घेऊन पोरीसारखी नाचतेस कशी? खातेस तरी काय?"

"मग?"

"मग काय! तुझा डाएट सांगितला. आता माझ्यासारखं जाड व्हायला अख्खी गल्ली बीन्स खातेय!"