डिमोनाचे अंपायर

साडेसहाची डिमोना–बेर्शेबा बस वाटेत असतानाच सातच्या बातम्या लागायच्या. ड्रायव्हर रेडिओचा आवाज वाढवायचा आणि अर्धी बस बेंजीमामांच्या उजव्या हाताकडे बघायची. एखाद्या मंत्र्याने खुलासा केला की मामा क्षणभर डोळे मिटायचे, मग त्यांचं बोट सावकाश वर जायचं. आऊट. अर्थमंत्र्यांच्या आश्वासनाला दोन्ही हात आडवे, म्हणजे वाइड. कुणी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला की "रिटायर्ड हर्ट" एवढंच पुटपुटायचे. ड्रायव्हर मोरोक्कोचा, मागे बसणाऱ्या बायका रशियाच्या, त्यांच्यापैकी कुणी जन्मात बॅट पाहिली नव्हती, पण या खुणा सगळ्यांना पाठ. एकदा मामा तापाने घरी होते, तर ड्रायव्हर मलाच विचारायला लागला, काल सरकार पडलं त्याला मामा काय देतील? मी म्हटलं, मला काय ठाऊक बाबा, क्रिकेटमध्ये मी ढ.

मामा मूळचे ठाण्याचे, आमच्याच बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजातले. साठच्या दशकात इस्राएलला आले, डिमोनाच्या कापडगिरणीत उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर बेर्शेबाच्या एका सरकारी कचेरीच्या दारात लोकांच्या बॅगा तपासायला उभे राहिले. त्याच कचेरीत, जमिनीच्या नोंदणीत, मला नोकरी लागली होती. मी ठाण्याहून येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी माझी बॅग उघडली, डब्याचं झाकण काढून वास घेतला आणि मराठीत विचारलं, "अळूवडी. ठाण्यात कुठे?" मी चकित होऊन पत्ता सांगितला. पुढचा प्रश्न, सध्या इंडियाची ओपनिंग कोण करतं? मला सांगता येईना. मामांनी डबा परत दिला आणि म्हणाले, "मग इतकी वर्षं तिकडे करत काय होतीस पोरी?"

नोंदणीच्या कचेरीत वकिलांची ये-जा फार. त्यांच्या बॅगा रोज तपासून मामांनी कायदेशास्त्राची स्वतःची एक शाखा तयार केली होती. ज्याच्या बॅगेत कागद वर आणि सँडविच खाली तो पुढे जज होणार, सँडविच वर असेल तो पुढारी. जज नेमायचे तर विकेटकीपरांतून नेमावेत, असं त्यांचं ठाम मत. का? दिवसभर वाकून बघायची सवय, आणि पाठ दुखली तरी तक्रार नाही. बॅट्समनला मात्र कधी नेमू नये, त्याला आपण कधीच आऊट नाही असं वाटत असतं. या देशात न्यायाधीश नेमायला एक समिती असते, तिच्यात मंत्री, खासदार, वकील आणि आधीचे न्यायाधीशच बसतात. तिच्यावर तर मामांचा खास राग. "टेस्टची टीम निवडायची कमिटी आणि ही कमिटी, दोन्ही सारख्या," ते म्हणायचे, "चार डोकी बसतात आणि आपापले भाचे मोजतात. वशिल्याचे तट्टू सगळे."

हे बोलायचा हक्क मामांना होता, असं सगळं डिमोना मानत असे. त्याला कारण होतं. दरवर्षी स्वातंत्र्यदिनाला डिमोना आणि बेर्शेबाच्या आपल्या लोकांची मॅच व्हायची. त्या दिवशी सगळा देश उघड्यावर शेगड्या पेटवून मांस भाजत असतो, त्यामुळे डीप फाइन लेगचा फील्डर बऱ्याचदा धुरात हरवलेला असायचा. मामा कायमचे अंपायर. मी येण्याच्या कितीतरी आधीची एक गोष्ट मला निदान दहा जणांनी दहा वेळा सांगितली असेल. त्या वर्षी डिमोनाचा एक गडी राखीव फौजेच्या ड्यूटीवर गेला, अकरावा मिळेना, म्हणून मामांच्या पंधरा वर्षांच्या नोमीला घेतलं. शेवटची जोडी, तीन रन हवे, नोमीच्या पायावर बॉल आदळला, बेर्शेबाने अपील केलं आणि मामांनी पोटच्या पोरीला एलबीडब्ल्यू दिलं. डिमोना हरलं, पण मामा अमर झाले. लोक आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं करतात, बेंजीमामांचं उलटं, असं सिनेगॉगमध्ये सुद्धा दाखला म्हणून सांगितलं जायचं. मामा ते ऐकून मान खाली घालायचे. आम्हाला वाटायचं, केवढा विनय.

ही नोमी पुढे वकील झाली. माझ्याच वयाची, बेर्शेबात राहायची, कामात तिखट, बोलण्यात कमी. दोन हजार सालाच्या सुमारास एका सकाळी ड्रायव्हरने बसमध्ये जाहीर केलं की मामांच्या मुलीचं नाव सरकारी गॅझेटात आलंय, खालच्या कोर्टाची न्यायाधीश म्हणून समितीपुढे जाणाऱ्या उमेदवारांत. बसने टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी हसत म्हणालं, चला, आता मामांचाही वशिला झाला. गमतीने म्हणालं हो, पण मामांचा चेहरा पडला. त्या दिवशी सातच्या बातम्यांना त्यांनी हातसुद्धा हलवला नाही.

घरी वेगळाच तमाशा. सिपोरामामींनी लगेच एलियाहू हनाबीला, आमच्या पैगंबराला, नवस बोलून टाकला, पोरीचं काम होऊ दे, मलिदा करीन. आमच्यात नवसाला पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून मलिद्याचं ताट करतात आणि हनाबीचं नाव घेतात, मुलगी उजवण्यापासून व्हिसा मिळेपर्यंत सगळ्याला. मामा भडकले. समितीवर हनाबीचं वजन टाकणं म्हणजे शुद्ध वशिला, आणि तोही वरचा. मामी काही कमी नव्हत्या. त्यांनी विचारलं, मग इंडिया जिंकावी म्हणून माझ्याकडून तीन वेळा खोबरं किसून घेतलंत ते? मामा म्हणाले, ते वेगळं, तिथे समोरची टीमसुद्धा आपापल्या देवाला सांगून आलेली असते.

मला वाटलं, चार दिवसांत येतील ताळ्यावर. पण त्याच दिवसांत तिकडे मॅच फिक्सिंगचं प्रकरण फुटलं होतं. मोठमोठी नावं बातम्यांत येऊ लागली आणि मामा खरोखर अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी तपासलं, काही निघेना. आठवड्याने कामावर आले ते थेट माझ्या टेबलापाशी. मामांचं हिब्रू बाजारात आणि सिनेगॉगमध्ये धावायचं, कागदावर लंगडायचं, म्हणून त्यांचे सरकारी अर्ज मीच लिहायची. म्हणाले, एक पत्र लिहायचंय, न्यायाधीशांच्या समितीला. गॅझेटात लिहिलंय ना की उमेदवाराविषयी कुणाला काही माहिती असेल तर मुदतीत कळवावं? मला माहिती आहे.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हटलं, मामा, वेड लागलंय का? बाप मुलीविरुद्ध तक्रार करतो?

"तक्रार नाही गं," मामा म्हणाले, "ती आऊट नव्हती."

मला आधी कळेना कशाबद्दल बोलताहेत. मग त्यांनी सगळं सांगितलं, माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत. बॉल आधी बॅटला लागला होता, मग पायाला. आवाजही ऐकला आणि कड लागलेलीही दिसली. पण बेर्शेबावाले अकरा जण ओरडत होते आणि डिमोनाचं सगळं गाव बघत होतं. नॉट आऊट म्हटलं तर बापाने पोरीला वाचवली म्हणतील, एवढंच डोक्यात आलं आणि बोट वर गेलं. पोरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बॅट काखेत मारली आणि चालायला लागली. घरी आल्यावरही त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, पुढे कधीच नाही. "ती पोरं पैशासाठी खोटं खेळली," मामा म्हणाले, "मी वाहवेसाठी. बावीस वर्षं खातोय ती वाहवा. पंधरा वर्षांची पोर अन्याय गिळून गेली, पण अंपायरशी भांडली नाही. जज करायला आणखी काय लागतं? हे त्या कमिटीला मी नाही सांगायचं तर कोणी?"

मी नाही म्हणून पाहिलं. समितीला वाटेल बाप वेडा आहे, मुलगीही तशीच असेल, हातातोंडाशी आलेला घास जाईल पोरीचा, असं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. शेवटी मामा म्हणाले, तू नाही लिहिलंस तर मी माझ्या हिब्रूत लिहीन. ही धमकी मात्र खरी होती. मी कागद ओढला.

आता हिब्रूत एलबीडब्ल्यू लिहायचं कसं? मलाच तो नियम धड कळत नव्हता. मामा टेबलाभोवती फिरत समजावत होते, मी खोडत होते, शिपाई दारात उभा राहून मजा बघत होता. दीड पान नुसत्या पायावर गेलं. मामा म्हणाले, आकृती काढ. रोज जमिनींचे नकाशे काढणारी मी, मी खेळपट्टीचा नकाशा काढला, तीन दांड्या हद्दीच्या खुणांसारख्या दाखवल्या आणि सवयीने कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही घातला. बघणाऱ्याला वाटावं, दोन शेजाऱ्यांचा कुंपणावरून वाद आहे.

पत्र माझ्या खणात पडून राहिलं. मामा रोज बॅगा तपासताना विचारायचे, गेलं? मी म्हणायची, जातंय. मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा ते म्हणाले, पोरी, खोटा निर्णय एकदा दिला की तो रोज द्यावा लागतो, मी दमलो. मग मात्र माझ्याच्याने राहवेना. मी पत्र टाकलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आज मी एका बाईचं करिअर पोस्टात टाकून आले.

समितीने नोमीला मुलाखतीला बोलावलं तेव्हा पत्र टेबलावर होतंच. हे नंतर तिने स्वतः मला सांगितलं. नकाशा समितीच्या हातोहात फिरला. एका वृद्ध न्यायाधीशांनी विचारलं, ही जमीन नक्की कुठे आहे? तिला दहा मिनिटं क्रिकेट समजावावं लागलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही आऊट नव्हता, तर बोलला का नाहीत? ती म्हणाली, निर्णय झाला होता आणि मैदानात उभी राहून तो बदलणार नव्हता. पुढचा प्रश्न म्हणे भाडेकरूंच्या कायद्याचा आला.

पण त्यानंतर नोमी घरी यायची बंद झाली. दर शुक्रवारी संध्याकाळी सिपोरामामी चार ताटं मांडायच्या आणि दोनच भरायच्या. मामांनी फोन केला की जावई उचलायचा, ती कामात आहे म्हणायचा. बसमध्ये मामा खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग करायचे. बातम्या येऊन जायच्या. कोर्टात कोण नवीन आलं, कोण गेलं, मामांचं मत शून्य. ड्रायव्हर काळजीने रेडिओ आणखी मोठा करायचा. मी तर त्यांच्या शेजारी बसायचं टाळायची, कारण पत्रातलं अक्षर माझं होतं.

दोन महिन्यांनी निकाल लागला. नोमीची नेमणूक झाली. मामींनी पोहे भिजवायला घेतले. या वेळी मामांनी हरकत घेतली नाही, कारण सामना संपल्यावरचा मलिदा नियमात बसतो. पण पोरीचा फोन मामींना आला, मामांना नाही. शपथविधी जेरुसलेमला, राष्ट्राध्यक्षांच्या निवासात. आमंत्रणं मोजकी. त्यातलं एक माझ्या नावाचं निघालं तेव्हा मला घामच फुटला.

आम्ही पोचलो तेव्हा नोमी पायऱ्यांवर उभी होती. काळा पोशाख, केस मागे बांधलेले. मामा दोन पायऱ्या खालीच थांबले. घरात कायम हिब्रूत बोलणारी ती मुलगी त्या दिवशी मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत.

"बाबा, मला वाटायचं तुम्हाला दिसलं नसेल. एवढी वर्षं मी मनाला तेच सांगितलं, बाबांना दिसलं नसेल."

मी आणि मामी उगाच झाडांकडे बघत राहिलो. मग मामा म्हणाले, "दिसलं होतं."

नोमीने मान हलवली. रागावलेली वाटत नव्हती, रडवेलीही नाही. बराच वेळ हिशेब लागत नव्हता तो लागल्यावर माणूस दिसतो, तशी दिसत होती. म्हणाली, "मला आऊट द्यायचं नव्हतं आणि वाचवायचंही नव्हतं. तुम्ही अंपायरचा कोट काढून दुसऱ्याला द्यायचा होता. आणि बाहेर बसून माझ्यासाठी ओरडायचं होतं. सगळ्यांचे बाप ओरडत होते."

एवढं बोलून ती आत गेली. आत सगळं फार देखणं होतं, फुलं, झेंडे, काळ्या झग्यातले न्यायाधीश. हळू बोला अशी सूचना झाली होती. एकेकाचं नाव पुकारत होते, लोक बोटांच्या टोकांनी टाळ्या देत होते. मामा हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. मला वाटलं, आजही हा माणूस निःपक्षपाती राहणार की काय.

मग नोमीचं नाव पुकारलं. मामा खुर्चीवरून उठले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि स्टेडियममध्ये शेवटच्या रांगेतून ओरडतात तसे मराठीत ओरडले, "शाबास पोरी! शाबास माझी वाघीण!" राष्ट्राध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. शपथेचा कागद हातात धरून नोमी हसायला लागली, तिला थांबताच येईना. दाराशी उभा असलेला रखवालदार धावत आला आणि आजोबा, खाली बसा म्हणून विनवू लागला. मामींनी मामांचा कोट धरून ओढला. मामा बसले नाहीत. तिची शपथ संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि टाळ्या वाजवत राहिले.