दाताखालचा दाणा

आमचे बाबा सरकारी गोदामात धान्य तपासायचे. पोत्यात पोकळ लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि त्यातला एक दाताखाली धरायचे. कट्कन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. पुढे यंत्र आलं, पण ते बाबांना विचारूनच बोलतं, असं आई म्हणायची. घरी मात्र तिला त्या दातांचा वैताग होता. घासात खडा लागला की अर्धा तास प्रवचन!

युद्धात धान्य रेशनवर गेलं. युद्ध संपलं, रेशन राहिलं. चूल ज्याच्या हातात, माणूस त्याच्या हातात, हे तोवर सगळ्या पुढाऱ्यांना कळून चुकलं होतं. त्या वर्षी आमच्या भागाने सरकारविरुद्ध मतं दिली आणि दोन महिने धान्याची गाडीच आली नाही. मग एकदाची आली ती गव्हाची, तोही अंमळ ओला. बाबांनी नेहमीसारखा शेरा मारला: खाण्यास अयोग्य. नापास माल परत जायचा आणि आठवड्यात दुसरा यायचा. वीस वर्षं येत होता, म्हणून त्यांनी बिनघोर सही केली. सरकारच्या हाती आयतं कोलीत मिळालं. पेपरात छापून आलं, आम्ही धान्य पाठवलं, त्यांच्याच माणसाने नाकारलं. गहू गोदामात कुलूपबंद झाला आणि दुसरा काही आला नाही.

आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिची धाकटी दीड वर्षाची. आमच्यातलं निम्मं आम्ही तिला द्यायचो, पण आमचंच मुळात केवढंसं!

"दादा, ओला तर ओला," आत्या म्हणाली, "मी वाळवला असता रे."

बाबा उठले ते थेट कचेरीत. अठरा दिवस त्यांनी उंबरठे झिजवले. सही मागे घेतो म्हणाले. "असं कसं? तुमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," साहेब म्हणाला आणि हसला मेला. मी बरोबर होते. ते हसणं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

एकोणिसाव्या दिवशी लोक गोदामाच्या फाटकावर धावून गेले, तेव्हा साहेब स्वतः आला. "पुन्हा तपासा. आणि योग्य म्हणून लिहा."

मी आत्याबरोबर फाटकाशी उभी होते. बाबांनी नळी खुपसली. दाणे आले ते काळे, बुरशीने एकमेकांना चिकटलेले. वास आमच्यापर्यंत आला. बाबांनी एक दाणा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला.

"साहेब, हे खाऊन माणसं मरतील."

"आणि न खाऊन?"

बाबांनी फाटकाकडे पाहिलं. धाकटीने आत्याच्या खांद्यावर मान टाकली होती. आता ती रडतही नव्हती.

"हो म्हण ना रे दादा!" आत्या ओरडली. "पाया पडते तुझ्या."

बाबांनी सही केली.

आत्या पिशवी भरून बाहेर आली. "तू होतास म्हणून रे दादा," ती म्हणाली आणि चूल पेटवायला घराकडे पळाली.