गोळ्यांना लागलेली हळद

तीस वर्षं मी गोळ्याच तपासल्या. तापाच्या, रक्तदाबाच्या, पोटाच्या. शिकागोजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात मी पास केल्याशिवाय गोळी बाहेर जात नसे. तरी माझ्या उशाशी ठेवायच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुठल्या गोळ्या घालायच्या हे ठरवायला आमच्या डायनिंग टेबलाशी दोन पुरुष बसले. एक आमचे हे आणि दुसरा ह्यांचा मित्र. दोघांनी मिळून आयुष्यात उडवलेली सर्वात मोठी वस्तू म्हणजे दिवाळीतला ॲटमबॉम्ब.

रिव्हॉल्व्हर घरात आलं कारण आमच्या रस्त्यावरच्या दोन देशी घरांत भरदिवसा चोर शिरून सोनं घेऊन गेले. त्यात ह्यांना ऑक्टोबरात तीन आठवडे पुण्याला जायचं होतं, शाळेच्या बॅचच्या गेट-टुगेदरसाठी. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्याशी धड बोलले नाहीत, त्यांना मिठ्या मारायला. घरी मी एकटी. माझे अंगठे संधिवाताने धरलेले, म्हणून हाताला झटका न देणारं लहानसं पॉइंट टू-टू घेतलं. दोन इंचांची नळी, आठ गोळ्यांची चक्री.

"वहिनी, हायपर व्हेलॉसिटीच घ्या," मित्र म्हणाला. "वर टोकाला छिद्रवाली. आत गेली की फुलते."

"तुम्ही उडवून पाहिलीय?"

"अहो, मी रिसर्च केलाय ना! कमीत कमी पंधरा व्हिडिओ बघितलेत."

हे शेजारी बसून मान डोलवत होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण ह्या दोघांना तेवढंही हळकुंड लागत नाही. खोक्यावर छापलेला वेग लांब नळीच्या रायफलमधला असतो. दोन इंचांत दारू पुरती जळतच नाही. उरलेली तोंडाबाहेर जळते, तिचा जाळ आणि धमाका होतो आणि पुरुषांना वाटतं, काहीतरी जबरदस्त घडलं. वेग नाही म्हटल्यावर छिद्रवाली तरी कशाची फुलते? हे मला नेमबाजीचा सराव करायच्या रेंजवर काउंटरवरच्या म्हातारीने दोन मिनिटांत समजावलं. ती म्हणाली, "हनी, ह्या एवढ्याशा रिव्हॉल्व्हरमध्ये जी दर वेळी उडते ती गोळी चांगली. बाकी सगळ्या गप्पा."

दर वेळी उडते ती चांगली. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी चार प्रकारची खोकी घेतली आणि प्रत्येकातल्या पन्नास गोळ्या स्वतः उडवल्या. अंगठे दोन दिवस ठणकले. हायपरवाल्यांची रिकामी काडतुसं चक्रीत इतकी घट्ट अडकली की ह्यांना ती बॉलपेनने टोकरून काढावी लागली. मित्र म्हणाला, "रिव्हॉल्व्हर खराब दिसतंय." नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी साध्या वेगाची, भरीव टोकाची, सगळ्यात कंटाळवाणी गोळी मी निवडली. पन्नासपैकी पन्नास उडाल्या.

त्याच जातीच्या नव्या खोक्यातल्या आठ भरून ठेवल्या आणि आली खंडेनवमी. पाटावर दरवर्षी सुऱ्या, कात्री, ह्यांचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली असते. ह्या वर्षी ह्यांना खरंखुरं शस्त्र मिळालेलं. सोवळं नेसून त्यांनी रिव्हॉल्व्हर मांडलं, आठही गोळ्या काढून पुढे उभ्या केल्या. पाण्यातलं हळदकुंकू पितळेवर टिकेना, म्हणून तेलात कालवून प्रत्येकीला माखलं. वर फुलाने पाणी शिंपडलं.

मी म्हणाले, "अहो, ह्या गोळीची ठिणगी तिच्या काठात असते. तेल-पाणी आत झिरपलं की ती मेली. ह्या आठ बाजूला काढा आणि खोक्यातल्या नव्या भरा."

"हो गं, भरतो."

माझीच चूक. कारखान्यात कुणाच्या 'हो' वर मी कधी सही केली नाही.

हे पुण्याला गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, कुणीतरी मागच्या दाराची मूठ फिरवली. एकदा नाही, तीनदा. मी रिव्हॉल्व्हर घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिले. हात स्थिर होता, कारण मनात एकच घोकत होते: पन्नासपैकी पन्नास. थोड्या वेळाने पावलं निघून गेली. ह्यांना फोनवर सांगितलं नाही. त्यांच्या मागे कराओके चालला होता.

हे परत आल्यावर आम्ही रेंजवर गेलो. ह्यांनी घरी रिव्हॉल्व्हर रिकामं करून आठ गोळ्या पुडीत बांधून आणल्या होत्या. "ह्या आधी संपव," म्हणाले. मी भरल्या आणि चाप ओढला.

टक.

गोळी कधी उशिरानेही उडते, म्हणून नेम समोरच धरून शिकवल्याप्रमाणे अर्धा मिनिट थांबले. पुन्हा ओढला. टक. तिसरी उडाली, तीही फुसकी. चौथी, पाचवी, सहावी, टक. शेवटच्या दोन मी ओढल्याच नाहीत. गोळ्या बाहेर काढून तळहातावर घेतल्या. पुसून लखलखीत केलेल्या, पण काठाच्या खाचेत बारीक पिवळी रेघ राहिलेली.

"तुम्ही बदलल्या नव्हत्या."

"अगं, पूजेतल्या काढून टाकायच्या म्हणजे... अपशकुन वाटला. तुझ्यासाठीच तर पूजा केली होती."

मग मी मागच्या दाराची गोष्ट सांगितली. मूठ किती वेळा फिरली, मी कुठे उभी होते, सगळं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला दया आली नाही. खूप राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या पॅसेजमध्ये वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली.

आता चक्री मी भरते, रिव्हॉल्व्हरच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते. मित्र अजून व्हिडिओ पाठवतो.

यंदा नवमीला हे पाटाशी बसले आणि हळूच माझ्याकडे बघायला लागले. मी आत गेले, माझ्या संधिवाताच्या गोळ्यांची बाटली आणली आणि पाटावर ठेवली.

"ह्यांना लावा हळद."

त्यांनी झाकणाला कोरड्या हळदीचं बोट लावलं. तेलाची वाटी या वर्षी काढलीच नव्हती.