भुतांना तट अडवतो का?

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे पुढच्या खोलीत बसून मेणात दात बसवतात, घासतात, पुन्हा घासतात. डावी बाजू केसभर उंच राहिली तर यांच्याच घशाखाली घास उतरत नाही. न्यायाचं वेडच आहे या माणसाला. लग्नानंतर माझं आणि सासूबाईंचं पहिल्यांदा वाजलं, तेव्हा यांनी दोघींना समोरासमोर बसवून आळीपाळीने बोलायला लावलं होतं. भांडणाची सगळी मजाच घालवली!

त्याच खोलीच्या भिंतीवर यांच्या खेळाचा नकाशा आहे. खेळ पोस्टाने चालतो. प्रत्येक खेळाडूचं एक राज्य. दर महिन्याला प्रत्येकाने आपल्या फौजांचे हुकूम लिहून पाठवायचे, यांनी ते सगळे एकदम उघडायचे, फासे टाकून निकाल लावायचा आणि कोण जिंकलं, कोण मेलं ते कळवायचं. राक्षस, मांत्रिक, भुतांची पलटण, सगळं आहे त्यात. हे पंच, आणि नियमही यांनीच लिहिलेले. त्यावर लोक काय वाट्टेल ते विचारतात. झोपेतल्या मांत्रिकाचा मंत्र चालतो का? राक्षस होडीत बसला तर होडी बुडते का? मला हसू आवरत नाही, पण हे प्रत्येक शंकेचं उत्तर, विचारणाऱ्याचं नाव न देता, सगळ्यांना पाठवतात. एकाला कळलं ते सर्वांना कळायला हवं म्हणे.

या खेळात माझे थोरले दीरही होते. भावजींची बायको कधीच वारली, मूलबाळ नाही, दूरच्या गावी एकटा जीव. सासूबाई दोघा भावांकडे आळीपाळीने राहायच्या. शेवटच्या खेपेला त्या भावजींकडे तापाने पडल्या होत्या. भावजी म्हणाले, राहू दे तिला इथेच, प्रवास झेपायचा नाही. पण पाळी आमची होती. ठरलंय ते ठरलंय, असं म्हणून हे त्यांना घेऊन आले. आठवड्याभरात सासूबाई गेल्या. भावजी आले, स्मशानातूनच परत फिरले, आणि त्यानंतर भावाभावांत एक अक्षर नाही. ना फोन, ना जाणं-येणं.

खेळ मात्र दोघांनी सोडला नाही. दर महिन्याला भावजींचं पाकीट यायचं. आत काय, तर ‘दुसरी पलटण खिंडीत. धान्य किल्ल्यात.’ खाली सही. हेही तसलेच, निकालापलीकडे एक शब्द लिहायचे नाहीत. पण पाकीट आलं की मी म्हणायची, चला, माणूस धडधाकट आहे. हे त्या दिवशी एक पोळी जास्त खायचे.

अशात भावजींचं राज्य आक्रसत आक्रसत एका किल्ल्यावर आलं. आत राजा, तटावर सगळी फौज, आणि बाहेर वेढा घालून एक चष्म्याचा दुकानदार. किल्ला पडला की राजा मेला, राजा मेला की खेळाडू बाद. बाद झालेल्याने कशाला पाकिटं पाठवायची? तेवढा एक धागा होता, तोही तुटणार.

तेवढ्यात चष्मेवाल्याची शंका आली: भुतांच्या पलटणीला तट अडवतो का?

हे ती वाचून जे बसले ते जेवायलाही उठेनात. शेवटी मीच नियमांचं पुस्तक ओढलं. भुतांना नदी, डोंगर आणि जंगल अडवत नाही, एवढंच लिहिलेलं. तटाचं नाव नाही.

“मग झालं तर,” मी म्हटलं. “लिहिलं नाही म्हणजे सूट नाही. मागे कुणीतरी काटेरी कुंपणाचं विचारलं होतं, तेव्हा तुम्हीच असं उत्तर दिलं होतंत.”

“हो.”

“मग आता काय अडलंय?”

“दादाचा किल्ला आहे,” हे म्हणाले. “मला मनातून हेच उत्तर हवंय. हवंय म्हणूनच बरोबर वाटत असेल तर?”

“अहो, बरोबर आहे म्हणून बरोबर आहे!”

पण ऐकतील तर शपथ. स्वतःवरच संशय घेतला यांनी. भावाची बाजू घेतली असं व्हायला नको म्हणून भावाच्या विरुद्धच वजन टाकलं, आणि सगळ्यांना उत्तर गेलं: तट भुतांना अडवत नाही. मी संतापले. म्हटलं, परक्याचा किल्ला असता तर असाच निवाडा केला असता का? सांगा ना! यांनी मान खाली घालून घासायला कवळी घेतली.

एकच आशा होती. उत्तर भावजींनाही गेलं होतं. ‘राजाला किल्ल्याखालच्या भुयारातून डोंगरात न्या’ एवढी एक ओळ त्यांनी पाठवली असती तरी निभावलं असतं. मग सुरू झालं पोस्टमनची वाट पाहणं. चष्मेवाल्याचं पाकीट आलं. बाकीच्यांची आली. भावजींचं येईना. मी दाराशी, हे खिडकीशी. यांच्या हातून एक मेणाचा साचा फुटला, जे कधी म्हणून होत नाही.

शेवटच्या दिवशी पोस्टमन हात हलवत पुढे गेला. आमच्याकडे काही नव्हतं.

“हुकूम नाही म्हणजे फौज जागच्या जागी,” हे म्हणाले. “नियम आहे.”

पाकिटं फोडून यांनी फासे हातात घेतले आणि दारावर थापा पडल्या. मी दार उघडलं. दारात भावजी. केस पार पांढरे, खांद्याला पिशवी, हातात यांनीच लिहिलेलं नियमांचं पुस्तक. मला बाजूला सारून थेट आत.

“अक्कल गहाण ठेवलीस का रे? कुंपण अडवतं आणि तट अडवत नाही? हा कुठला न्याय?”

“दादा,” हे म्हणाले.

“भावजी, ते नंतर!” मी ओरडलेच. “आधी राजा हलवा. आत्ता सांगा, हे लिहून घेतील.”

“तोंडी हुकूम चालत नाही,” हे म्हणाले.

“चालतच नाही,” भावजी म्हणाले. “आणि चुकीच्या निवाड्यावर मी हुकूम देत नाही.”

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला. एका आईची लेकरं, दुसरं काय!

हे उभे राहिले. “चुकलो दादा. तट अडवतो. तुझा किल्ला होता म्हणून घाबरलो. पण त्या उत्तरावर विसंबून चष्मेवाल्याने भुतं आत घातलीत. आता फिरवता येत नाही.”

“फिरवू नकोस. टाक फासे.”

“आईच्या वेळीही चुकलो. राहू द्यायला हवी होती तुझ्याकडे.”

भावजी खुर्चीत बसले, पिशवी मांडीवरच. मग यांनी फासे टाकले. दोनदा टाकले, नियमाप्रमाणे. भुतं तटातून आत गेली, राजा मेला. भावजींनी मान डोलावली आणि भिंतीवरच्या नकाशाकडे पाठ करून बसले.

“शेवटी काही बोलली का रे ती?” त्यांनी विचारलं. “मी कधी विचारलंच नाही तुला.”

यांनी फासे गोळा केले.

“बोलली. दादाच्या मागच्या दाराची कडी नीट लागत नाही, म्हणाली. त्याला सांग, रात्री खुर्ची लावून झोप.”

भावजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“अजून लागत नाही,” ते म्हणाले.