पश्चिमेच्या खिडकीचा पडदा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. आम्ही बौद्ध. घरात अंगारे, उतारे, बाहेरचं-बिहेरचं हे शब्दसुद्धा कधी ऐकले नाहीत. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी जंगलातल्या रस्त्यांवर गेली, आणि त्यांचं म्हणणं एकच — "रोडवर भ्याचं तं समोरून येनाऱ्या ट्रकले भ्याचं. बाकी काई नसते." त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर मला राग नाही. मीही हसले असते.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, मूलला राहतो. मी इथेच एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. नवरा कोरपन्याकडे सिमेंट फॅक्टरीत, तिकडेच क्वार्टरमध्ये राहतो, रविवारी येतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबांना लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "न... न..." यायचं. हो-नाही मानेनं सांगायचे.

त्यांना समोरच्या खोलीत ठेवावं लागलं, कारण बाथरूम त्याच खोलीला लागून. आणि त्या खोलीला एकच मोठी खिडकी — पश्चिमेला, थेट रोडवर. रोडच्या पलीकडे चहाची टपरी. दिवसभर तिथे माणसं बसलेली, आणि बसलेल्या माणसाची नजर कुठेतरी जाणारच. इकडे मी बाबांचं अंग पुसतेय, डायपर बदलतेय... आणि हा माणूस असा, की उभ्या आयुष्यात बनियनवर दारात आला नाही. मी पाणी घेऊन आले की ते आधी खिडकीकडे बघायचे, मग डोळे मिटून घ्यायचे.

दुसरा त्रास उन्हाचा. दुपार कलली की ऊन खिडकीतून आत शिरायचं आणि सरळ खाटेवर, बाबांच्या तोंडावर. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. खाट हलवून पाहिली, पण दुसरीकडे लावली की व्हीलचेअर बाथरूमच्या दारात वळेना.

पहिले काही दिवस जुनी चादर खिळ्यांना अडकवली. मग एका संध्याकाळी ऑफिसातून थेट पडद्यांच्या दुकानात गेले. इतकी थकलेली होते की दुकानदार जे दाखवेल ते घेऊन यावं असं वाटत होतं. पण तो विचारत बसला.

"म्याडम, काचेले काळी फिल्म लावून घ्या ना. बाहेरून काईच दिसत नाई."

"आणि संध्याकाळी आत लाईट लावला की?"

"हां... मंग दिसते."

म्हणजे टपरीवाल्यांना रात्रीचा शो. नको. जाळीचा पडदा नाजूक, छान, पण ऊन जसंच्या तसं आत. बांबूची चिक आवडली होती मला, पण तिच्या फटींतून दिसतं. रोलर ब्लाइंड खाली ओढलं की झालं, पण मग बाबांना रोड दिसणार नाही... आणि दिवसभर पडून असलेल्या ड्रायव्हरला रोड तरी दिसायला हवा. शेवटी जाड, अस्तराचा, तपकिरी पडदा घेतला. सकाळी उघडा ठेवायचा, दुपारी ओढायचा.

पण दुपारी ओढणार कोण? जेवणाच्या सुट्टीत मी घरी यायचे, बाबांना भरवायचे, स्वच्छ करायचे, कुलूप लावून परत पळायचे. तेव्हा ऊन अजून माथ्यावर असायचं. तेव्हाच पडदा ओढला तर बाबा "न... न..." करून रडवेले व्हायचे. शेजारच्या सुमनबाईंकडे दुसरी चावी दिली होती. त्या म्हणाल्या, "तू जा बिनधास्त. मी चक्कर मारत जाईन."

आणि खरंच, संध्याकाळी आले की पडदा ओढलेला असायचा. पूर्ण नाही हं — रोडच्या बाजूला हातभर फट ठेवलेली. ऊन तोंडावर नाही आणि गाड्याही दिसतात. मला वाटलं, बाईंना किती कळतं! त्या पडद्याचा रॉडही जरा वाकडा होता. मधोमध कडी अडकायची, ती हातानं उचलून पुढे सरकवावी लागायची. तेही त्या निमूट करत होत्या. त्या गेटपाशी भेटल्या की मी नुसतं "सुमनबाई, बरं झालं तुम्ही आहात" म्हणायचे. त्या हसायच्या. कोणतं बरं, कशाचं बरं, हे दोघींनीही कधी उकललं नाही.

मग तो दिवस आला. तालुक्यातल्या एका गावात ऑफिसचं शिबिर होतं, जंगलाच्या आत. दुपारी येणं शक्य नव्हतं. आदल्या दिवशी सुमनबाईंना दुपारी बाबांना भरवायला सांगितलं, त्यांनी हो म्हटलं. सकाळी पडदा उघडून, कूलर लावून, कुलूप घालून निघाले. गावात रेंज नाही. परत येताना रोडवर वाघ बसलेला, दोन्हीकडे गाड्या थांबलेल्या. सगळे मोबाईल वर करून व्हिडिओ काढताहेत आणि मी मागे बसून पेंगतेय. गाडी हलली, थोडं पुढे आलो, रेंज आली आणि फोन वाजायला लागला. सुमनबाईंचे मिस्ड कॉलच कॉल, आणि मेसेज — पोरगी दवाखान्यात भरती, मी सकाळीच गडचिरोलीला निघाली, बाबाकडे तू पाहजो.

सकाळीच.

म्हणजे दिवसभर बाबा एकटे. पाणी नाही, जेवण नाही. पुढचा मेसेज वीज कंपनीचा होता, आमच्या भागात लाईट बंद. कूलरही नाही. आणि खिडकी सताड उघडी... मी ऑफिसच्या गाडीच्या ड्रायव्हरला काय काय बोलले ते आठवत नाही. मनात एकच होतं, की मी उन्हात माणूस ठेवून आलेय.

घरी पोचले तेव्हा उजेड होता अजून. कुलूप जसं लावलं तसंच. आत शिरले... आणि खोली गार.

पडदा ओढलेला होता. हातभर फट ठेवून. आणि ओला होता — वरपासून खालपर्यंत निथळत होता, फरशीवर तळं. बाथरूममधली बादली खिडकीखाली ठेवलेली, तळाशी थोडं पाणी. गारव्यासाठी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारावं तसं कोणीतरी मारलं होतं, आणि नुकतंच मारलं होतं. बाबा झोपलेले. मी कपाळाला हात लावला, ताप नाही. ओठ कोरडे नाहीत. हाक मारली तर डोळे उघडून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आज लवकर कशी?

डायपर मात्र कोणी बदललेला नव्हता. तो मीच बदलला. हे लिहिताना हसू येतंय, तेव्हा आलं नाही.

सुमनबाईंना फोन लावला. त्या रडतच म्हणाल्या, "मले माफ कर वं, तुह्या बाबाले सोडून यावं लागलं."

"बाई, चावी कोणाला दिली होती?"

"कोनाले देईन? माह्या बटव्यात हाय ना इथी."

"मग पडदा कोणी ओढला?"

"कोनता पडदा?"

"रोज दुपारी ओढता तो."

त्या म्हणाल्या, "मी आत कधी आलीच नाई, पोरी. गेटातूनच पाहून जात होती. पडदा ओढेल दिसे तं मले वाटे, तूच ओढून जाते."

मी फोन ठेवला आणि खाटेच्या कडेला बसले. घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, मला पहिल्यांदा जे वाटलं ते बरं वाटलं. इतक्या महिन्यांत माझ्या वाट्याचं एक काम दुसऱ्या कोणीतरी केलं होतं. कोणी केलं, हा प्रश्न त्यानंतर आला.

रविवारी नवरा आला. त्यानं सगळं ऐकलं, कुलूप बदललं, खिडकीचे गज हलवून पाहिले. "बाबांनीच ओढला असेल," म्हणाला. खाटेपासून खिडकी चार पावलं, बाबांना कूसही बदलता यायची नाही. मग तोच म्हणाला, "वाऱ्यानं." मी त्याला कडी अडकते ती जागा दाखवली. त्यानं कडी हलवून पाहिली. शेवटी म्हणाला, "हा पडदाच काढून टाकू, ब्लाइंड लावू. विषय संपला." माणूस माप घ्यायला आलाही. त्यानं टेप काढला तशी बाबांनी डाव्या हातानं खाट बडवायला सुरुवात केली. "न! न! न!" डोळ्यांतून पाणी. मी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

त्यानंतरही पडदा ओढलेला सापडायचा. नवीन कुलूप, एकच चावी, ती माझ्या पर्समध्ये. मी सुट्टी काढून लपून बघायला हवं होतं असं मैत्रिणी म्हणतात. काढली असती, पण सुट्ट्या दवाखान्यासाठी जपून ठेवाव्या लागत होत्या. आणि दुसरं म्हणजे... मी बघितलं आणि ते थांबलं तर? उलट मी सकाळी निघताना बादली भरून खिडकीखाली ठेवायला लागले. कोणासाठी, असं स्वतःला विचारलं नाही. संध्याकाळी कधी ती अर्धी असायची, कधी भरलेली.

बाबा पावसाळ्यात गेले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही.

ते जायच्या काही दिवस आधी, भरवता भरवता मी त्यांना विचारलं होतं. एकदाच. "बाबा, उन्हाळ्यात पडदा कोण ओढायचं? कोणी यायचं का?"

त्यांनी मान हलवली. हो.

"आई?"

नाही. लगेच, ठामपणे नाही.

मी गेलेल्या माणसांची नावं घेत गेले. त्यांचा भाऊ, त्यांच्यासोबत ड्युटी करणारे, गावाकडचे. प्रत्येक नावाला नाही. मग मीच चिडले, चमचा वाटीत ठेवला. "मग कोण होतं बाबा?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, रस्ता विचारल्यावर त्या भागातला नसलेला माणूस उचलतो तसा, डावा खांदा हलकेच उचलला.

त्यांनाही माहीत नव्हतं.