लिटरला किती पळती?

माझ्या भाचीच्या लग्नाचा मुहूर्त टळायची पाळी आली, ती पेट्रोल महागलं म्हणून. म्हणजे आजवर सगळ्यास्नी मी तसंच सांगत आलोय. खरं कारण मी हाय.

राजारामपुरीत माझी पिठाची गिरण. शाळंत मी फार टिकलो न्हाय (मास्तरांची तब्येत नाजूक होती). पर गिरण बरी चालायची, आणि त्या जोरावर मी एका इनामदाराची जुनी मोटार घेतलेली. मोटार कसली, नाव होती नाव! पुढचं टोक कोपऱ्यावर वळलं तरी मागचं टोक आमच्या दारातच. मग कुटंतरी लांबच्या मुलखात लढाई पेटली आणि हितं कोल्हापुरात माझ्या खिशाला भोक पडलं. पेट्रोल असलं भडकलं की डॉक्टर, वकील, सगळी मोठी माणसं जुन्या बारक्या गाड्या हुडकत हिंडाय लागली. त्यांच्या मागनं मीबी. नाव एका मंडपवाल्याला देऊन टाकली. (त्येनं तिच्यात कोंबड्या ठिवल्या म्हणं. त्यास्नी ऐसपैस होतं.)

बारकी गाडी घावली ती एका पेन्शनर मास्तरांकडं. एवढीशी. लांबनं बघितलं तर कुणीतरी पत्र्याची पेटी उन्हात वाळत घातलीय असं वाटायचं. मी इचारलं, "लिटरला किती पळती?"

मास्तर म्हणाले, "अहो, ही पेट्रोल पीतच नाही. नुसतं हुंगते."

"पर किती?"

"भरपूर."

आता भरपूर म्हणजे किती? तेवढं त्यांनी सांगितलं न्हाय, आणि तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला. जलमभर मी दळण तोलून घेतलेला माणूस. बाईनं "डबाभर हाय" म्हटलं तरी काट्यावर ठिवल्याबिगर मी जात्यात घालत न्हाय. मग गाडी तेवढी अंदाजानं कशी घ्यायची?

गाडी दारात आली तशी सगळी गल्ली गोळा झाली. कुणी टपावर टिचकी मारून बघतंय, कुणी खाली वाकून बघतंय. आमच्या तालमीचा वस्ताद आत बसून बघतो म्हणाला. तो बसला, गाडीनं त्येच्या बाजूला मान टाकली, आणि उतरताना त्येला सोडवायला दोघं लागली. आणि जो येईल तो इचारायचा, "लिटरला किती पळती वो?" लग्नाच्या पोरीचं वय इचारल्यागत मला मेल्याहून मेल्यावाणी व्हायचं. गाडीत किलोमीटरचा आकडा होता, पर तो मास्तरांच्याबी आधी रिटायर झालेला.

वस्तादच म्हणाला, "त्यात काय! सगळी टाकी रिकामी कर. मापून एक लिटर घाल. बंद पडंपर्यंत पळीव. रस्त्यावरचं किलोमीटरचं दगड मोजलं की झालं."

मला पटलं. पटायलाच नगं होतं.

आता भाचीचं सांगतो. माझी आक्का कुरुंदवाडला दिलेली. तिची थोरली पोरगी सुमन, हिचं लग्न गाडी आली त्येच्या दुसऱ्या दिवशी सांजचं, गोरजाच्या मुहूर्ताला. आमच्याकडं मामाशिवाय अक्षता पडत न्हाईत. मामानं आणलेली पिवळी साडी नेसूनच पोरगी उभी राहती, आणि मामाच तिला हाताला धरून भाईर आणतो. आक्कानं मला आठ दिस आधी बजावलेलं, "हळदीच्या आदल्या दिशी ये." मी म्हटलं, व्हय. पर नवी मोटार दारात यायची आणि यष्टीनं जायचं? मग मोटार येईपर्यंत थांबलो. हळद माझ्याबिगर लागली.

लग्नादिशी सकाळी मी टाकीत रबरी नळी घातली, तोंडानं वडली, आणि सगळं पेट्रोल एका डब्यात काढलं. एक घोट पोटात गेला. त्या दिवशी मी ढेकर दिला की शेजारी बिडी विझवायचं. मग मापानं एक लिटर टाकीत वतलं. गाडी बंद पडली की डब्यातलं घालायचं आणि पुढं जायचं, असा साधा हिशेब. डबा मागच्या बाजूला आहेराच्या आणि लाडवांच्या बोचक्याशेजारी ठिवला आणि फेटा बांधायला आत गेलो.

दुपारी निघालो. पुढं मी आणि वस्ताद, मागं आमची मंडळी, म्हंजे बायको. गाडी काय पळाय लागली म्हणता! हातकणंगलं मागं पडलं तरी चालूच. उतार आला की मी इंजिन बंद करायचो, तेवढंच वाचवायचं. मागनं मंडळी म्हणायची, "अवो, बैलगाडी पुढं गेली." मी म्हणायचो, "जाऊ दे. ती लिटरवर न्हाय."

आणि मग इचलकरंजी मागं टाकून, दोन्हीकडं नुसता ऊस, माणसाचा मागमूस न्हाय, अशा ठिकाणी गाडी दोनदा उचकी देऊन थांबली. लोकांची गाडी बंद पडली की तोंड पडतं. मी टाळी वाजवली. "वस्ताद, पळाली की रं!" म्हणून उडी टाकली आणि जवळचा दगड हुडकत पळालो. दगड घावला. पर त्येच्यावर कुणीतरी शेणी थापलेल्या! म्हणजे आकडा आत, शेण वर. मी फेटा सावरून खाली बसलो आणि नखानं शेण खरवडाय लागलो. मागनं मंडळी काय म्हणत होती तिकडं माझं ध्यान न्हाय. शेण सगळं निघालं. खाली आकडाबी निघालेला, पावसात. नुसता पांढरा दगड.

तेवढ्यात वस्ताद म्हणाला, "डबा कुटं हाय?"

मंडळी शांतपणं म्हणाली, "त्यो घाणेरडा डबा व्हय? घरात ठिवला की. लाडवास्नी वास लागाय लागला होता."

मी बघतच राहिलो.

"असं बघू नगा. पोरीच्या सासरची माणसं तुमच्या पेट्रोलचं लाडू खातील काय?"

बरोबर होती ती. मीच बावळट, डबा कशाचा ते तिला सांगितलंच न्हवतं. दिस कलाय लागला. बोचक्यात पिवळी साडी. तिकडं पोरगी वाट बघत बसलेली. यष्टी आली, पर ती दाराबाहेर माणसं लोंबत आली. मी हात केला, डायवरनंबी हात केला, आणि गेला. मग वस्तादानं गाडी ढकलाय घेतली. ढकलत ढकलत एका चढाला त्येचा दम संपला. म्हणाला, "ही बारकी दिसती, पर पाठीवर येत न्हाय."

मागनं एक बैलगाडी आली. बाजारातनं रिकामी घराकडं चाललेली, कुरुंदवाडच्या अलीकडच्या वस्तीवर. गाडीवान उतरला, माझा फेटा बघितला, शेणाचे हात बघितले, मोटार बघितली.

"पावणं, लग्न हाय?"

"व्हय."

"तुमचं?"

"भाचीचं. मी मामा."

मामा म्हटल्यावर त्येनं गाडीतला दोर काढला, मोटारीला बांधला, म्हणाला, "वस्ती ऱ्हाऊ दे, दारात नेऊन सोडतो." असं आम्ही निघालो. पुढं बैलं, मागं मोटार, मोटारीत मी स्टेरिंग धरून, फेटा बांधून. वाटंत शेतातनं माणसं पळत बघाय येत होती. कुणीतरी वरडलं, "हारन वाजीव!" मी वाजीवला. बैलं बुजली, आणि चार शेतं आम्ही असलं पळालो की तसलं पळणं त्या मोटारीच्या नशिबी पुन्हा आलं न्हाय.

लग्नाच्या दारात पोचलो तवा भटजी मंगलाष्टकाची चोपडी उघडून-मिटून दमलं होतं. दाजी दारातच उभं. दाजी मितभाषी माणूस. मला म्हणाले, "आलास?" त्या एका शब्दात सगळ्या शिव्या होत्या.

आत काय झालं होतं ते आक्कानं सांगितलं. मामा येत न्हाय म्हणताना भावकीनं दुसरा एक मामा उभा केलेला, दुकानातनं दुसरी पिवळी साडी आणलेली. पर सुमन हळदीच्याच कापडात भिंतीला टेकून बसलेली, आणि एकच धरलेलं, "मामा आल्याबिगर मी उठत न्हाय." नवऱ्याकडची माणसं कुजबुजाय लागलेली. दुसरा मामा बिचारा फेटा बांधून कोपऱ्यात घाम पुसत होता. मला बघून त्येनं देवाला हात जोडलं.

मी आत गेलो. पोरगीनं माझ्या हाताकडं बघितलं, म्हणाली, "मामा, हात धू, मग धर." बास. एवढंच. साडी नेसली, मी हाताला धरून तिला भाईर आणली, आणि अक्षता पडल्या. भटजी म्हणाले, मुहूर्त साधला. (गोरजाला गुरं घरला येत्यात, आम्हीबी त्यांच्याबरोबरच आलो, आता ह्याहून काय साधायचं!)

जेवणाच्या वेळी बघतो तर नवऱ्याकडची माणसं पंगत सोडून मोटारीभोवती. त्यास्नी वाटलेलं ही मोटार बैलावरच चालवायची काढलीय, पेट्रोल महागलंय म्हणून. नवऱ्याचा बाप, गंभीर माणूस, मोठा बागायतदार. त्येनं मोटारीला एक फेरी मारली, चाकं बघितली, खाली वाकून बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळूच इचारलं, "मामा, मलाबी एक बघा की असली. पर एक सांगा, चारा किती खाती?"

मी म्हटलं, "गाडीला लागत न्हाय, पावणं. चालवणाऱ्याला तेवढा घालायचा."