ज्योत्स्नागंधाचं पत्र

नातीनं पाकिटाला डिंक लावला आणि त्या वासानं मला थेट अंथुर्णे गावच्या सासरच्या ओसरीवर नेऊन उभं केलं. तेव्हा मी नवी सून, चोरून कथा लिहिणारी. टोपणनाव घेतलं होतं ज्योत्स्नागंधा. चांदण्याला म्हणे वास असतो! कथा मासिकाला धाडली, वर पत्ता सासरचाच दिला. एवढी अक्कल!

महिन्यानं पोस्टमन ओसरीवर पत्र नाचवत म्हणाला, "आबा, ही जोस्नागंधा कोण हाय?"

सासरे म्हणाले, "असली बया आमच्यात न्हाय. न्या माघारी."

मी दाराआड पदर चावत उभी राहिले. पत्र इंदापूरच्या एसटीनं परत गेलं.

त्यात कथा स्वीकारल्याचं लिहिलं होतं, असं मी पुढं चाळीस वर्षं स्वतःला सांगत आले. भित्री तर होतेच, वर लबाडही.